फडक्यातले दाणे

बाबा, मला बियाण्याच्या कंपनीत नोकरी मिळते आहे. मार्केटिंग आणि सेल्स, असं त्यांच्या पत्रावर लिहिलं आहे. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. इतकी वर्षं मी कॉलेजात तासांवर मराठी शिकवते. दर जूनला पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. पक्क्या नोकरीचं हे पहिलंच पत्र. घरात सगळे खूश आहेत. आई फोनवर म्हणाली, "तुज्या बापानं जनमभर बीच इकलं. तुले कायची लाज वाटून राहिली?" लाज नाही, हे तिला सांगता आलं नाही. शंका आहे. ती तुमच्याबद्दल आहे, म्हणून तुम्हालाच लिहिते.

कामठ्याचं दुकान आठवलं की आधी भिंतीवरची खिळ्यांची फळी दिसते. गिऱ्हाईक धानाचं बी पाहायला येतं. तुम्ही काही बोलत नाही. मूठभर दाणे त्याच्या ओंजळीत टाकता आणि आईच्या जुन्या लुगड्याचं ओलं फडकं पुढे करता. गाठ तो स्वतःच्या हातानं मारतो. त्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी, आणि पोटली खिळ्याला. आई सकाळ-संध्याकाळ सगळ्या पोटल्यांवर पाणी शिंपडते. चौथ्या दिवशी त्यानं यायचं, पोटली स्वतः सोडायची, कोंब पाहायचे, मग थैली घ्यायची की नाही ते ठरवायचं. चौकातल्या दुसऱ्या दुकानात रंगीत फलक होते, गोड बोलणारी माणसं होती. गर्दी तरी तुमच्याकडे. एका म्हाताऱ्यानं एकदा मला विचारलं, "तुजा बाप मुका हाये का वो बाई? दुकान मांडून बसला, अन् बोलत काऊन नाही?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मी कायले बोलू? बी बोलन." पुढच्या वर्षी तो म्हातारा दोन शेजाऱ्यांना घेऊन आला.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मे महिन्यातली दुपार, दुकानाचं दार लोटलेलं. पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले तर तुम्ही मांडीवर सूप घेऊन बसला होतात. पाखडत नव्हतात. एकेक दाणा बोटानं वेचत होतात. भरलेला दाणा बिस्किटाच्या डब्यात, पोचट दाणा बाजूला. तो डबा मी ओळखत होते. पोटलीसाठीची मूठ त्यातूनच भरली जायची. थैलीतून नाही. मी विचारलं, निवडून काऊन ठेवता? तुम्ही झाकण लावलंत. "तू आपलं पुस्तक पाय." आवाज चढला नव्हता. पण त्यानंतर मी त्या डब्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि तुम्ही सूप घेऊन बसलेले मला पुन्हा दिसला नाहीत.

पोचट दाणा कुणीच पेरत नाही. पेरणीआधी बायाही धान मिठाच्या पाण्यात टाकतात आणि वर तरंगेल ते काढून टाकतात. तुम्ही तेवढंच करत असाल. बरीच वर्षं मी स्वतःला हे उत्तर दिलं. मग टोल्यावरचा, शेजारच्या वाडीवरचा, तो माणूस आठवतो. आपल्याकडून नेलेल्या बियाण्याचे त्याचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, विरळ उगवले होते. तो भांडला नाही. काउंटरसमोर उभा राहून एवढंच म्हणाला, "पोटलीत तं सारे उगवले होते जी." तुम्ही आतून नवी थैली आणलीत, त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर ठेवलीत आणि दोरी स्वतः आवळलीत. पाणी किती होतं, बी किती दिवस घरात पडून होतं, हे तुम्ही एरवी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचात. त्या दिवशी काहीच विचारलं नाहीत. तुमचा चांगुलपणा म्हणून ही गोष्ट मी मैत्रिणींना सांगत असे. आता वाटतं, ज्याला आपल्या मालाची खात्री असते तो आधी विचारतो.

मुलाखत गोंदियात झाली, एका हॉटेलच्या थंड खोलीत. साहेबानं विचारलं, कभी कुछ बेचा है? मी नाही म्हटलं, आणि पोटलीची गोष्ट सांगितली. डबा वगळला. टोल्यावरचा माणूस वगळला. "बी बोलन" मात्र तुमच्याच आवाजात म्हटलं. त्यानं पेन खाली ठेवलं आणि शेजारच्याला म्हणाला, "यही तो चाहिए. गाँव की बोली में, और औरतों के बीच." मला गावोगावच्या बचत गटांत जाऊन बायांशी बोलायचं आहे. तुमचं वाक्य थैलीवर छापायचा त्यांचा विचार आहे. ते फार अदबीनं बोलत होते, दोनदा चहा मागवला, आणि त्या अदबीवर माझा विश्वास बसला नाही. पण त्यांनीही माझ्यावर ठेवायला नको होता. मी मुलांना शिकवते की कमी सांगितलं की ऐकणाऱ्याला जास्त खरं वाटतं. त्या खोलीत मी तेच केलं, आणि ते चाललं. हे काम मला जमेल, बाबा. भीती नेमकी तीच आहे.

निघताना त्यांनी नमुन्याची एक पुडी दिली. कुडव्याच्या या माझ्या घरात खिळ्यांची फळी नाही. पोटली स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला बांधली आहे. बी नीट उगवलं तर हो म्हणायचं, असं ठरवलं आहे. उद्या चौथा दिवस. हा कागद मी तुमच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवीन. तुम्ही गेल्यावर आईनं तो मला दिला, त्यात मी खडू ठेवते.

एक सांगायचं राहिलं. पुडी ताटात ओतली तेव्हा माझ्या बोटांनी आपसूक चार-पाच पोचट दाणे कडेला केले. लक्षात आल्यावर ते परत मिसळायला हवे होते. मी ते केरात टाकले, आणि मग गाठ मारली.