माळ्यावरच्या कुबड्या

बाबा, आज सकाळी मी कुणालाही हाक न मारता उठले, कुबड्या घेतल्या आणि परसात जाऊन आले. एवढीशी गोष्ट, पण परत आल्यावर खाटेवर बसून एकटीच हसले. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही, कारण खरं सांगायचं तर मी तुमच्यावर चिडले होते. आता तो राग बराच उतरलाय, म्हणून लिहायला बसलेय.

शेवटच्या दिवशी तुम्ही माझा हात दादाच्या हातात दिलात. त्याला म्हणालात, "हिका सांभाळ रे." मग माझ्याकडे वळून, "आणि तू ह्याच्या शब्दाभायर जाव नको." मी मान डोलावली. जाणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं? आणि तुम्हाला नाही म्हणायची मला सवय तरी कुठे होती? शिवणाच्या वर्गासाठी मला कुडाळला राहायचं होतं, तेव्हा तुम्ही देवळात कौल लावलात. कौल डावा आला. "देवान नाय म्हटल्यान, संपला," एवढं बोलून तुम्ही जेवायला बसलात. मी चार दिवस रडले. महिन्याभराने मात्र तुम्ही हाताने फिरवायचं मशीन खांद्यावरून घेऊन आलात आणि माझ्यासमोर ठेवलंत. लाडही तुमचेच आणि बेडीही तुमचीच, मी रागवायचं तरी कसं!

दादाने सांभाळलं, पण कसं ते ऐका. आधीची वर्षं ठीक गेली, पण मी बचत गटाच्या सभेला जाऊ लागले ते त्याला खपेना. लंगडी बहीण गावभर फिरते, लोक हसतात म्हणे. एक दिवस कामावर जाताना त्याने माझ्या कुबड्या उचलून माळ्यावर टाकल्या आणि संध्याकाळी काढून दिल्या. पुढे ते रोजचंच झालं. दिवसभर मी जमिनीवरून सरपटतेय, परसात जायचं म्हणून पाणी प्यायचं टाळतेय, असं माझं चालू. उलट बोलले तर हात उठायचा. बाबा, मी हे पाच वर्षं सोसलं, तुम्हाला शब्द दिला म्हणून. लाज वाटते आता सांगताना.

गेल्या साली त्याने कुबडीच माझ्या हातावर घातली. मनगट मोडलं. सरकारी दवाखान्यात मी नेहमीसारखं पडले म्हणून सांगितलं. प्लास्टर घालणाऱ्या नर्सने दादाला बाहेर बसवलं, दार लावलं आणि विचारलं, "कुबड्या खंय आसत तुमच्यो?" कुणी मारलं हे तिने विचारलंच नाही. मला रडूच फुटलं.

तिच्यामुळे घरगुती मारहाणीच्या तक्रारी बघणाऱ्या संरक्षण अधिकारी मॅडम घरी आल्या. निवारागृहात नेते म्हणाल्या. मी विचारलं, पायऱ्या किती? त्या म्हणाल्या, आठ. मग मीच सांगितलं, मी का जाऊ? घर माझंही आहे. ते त्यांना पटलं, पण घरातलं कुणी साक्षीला आलं तर बरं पडेल म्हणाल्या. घरात वहिनीशिवाय आहे कोण? तिने सगळं पाहिलं होतं. दादा नसताना स्टुलावर चढून तिनेच कितीदा कुबड्या काढून दिल्या होत्या, तो यायच्या आत परत ठेवल्या होत्या. पण नवऱ्याविरुद्ध बोलायचं म्हटल्यावर ती उठून चुलीपाशी जाऊन बसली. शेवटी म्हणाली, "देवाक इचारूया. देवान होय म्हटल्यान, तर मी कोर्टात उबी रवान सांगान."

तुमचीच सून ती! गेलो दोघी देवळात. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वहिनी डोळे मिटून हात जोडून उभी. बराच वेळ गेला. काकांनी एकदा माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. मग वहिनीला म्हणाले, "उजवो दिल्यान. जावा, सुखरूप जावा."

आणि वहिनी बोलली हो, बाबा! कोर्टात साहेबांसमोर आधी तिचा आवाज फुटेना, मग थांबेना. दादाला आता या घरात यायची मनाई आहे. तो आचऱ्याला मामांकडे असतो. महिला पोलीस अधूनमधून येऊन चौकशी करून जाते. आम्ही दोघी आहोत, मशीन आहे, सभेला मी जाते आणि वहिनीलाही नेते. कधी फाटक वाजलं की अजून मी आधी कुबड्या जवळ ओढते, पण रात्री झोप लागते. किती हलकं वाटतं ते लिहून कळायचं नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? पाठवता आलं असतं तरी धीर झाला नसता. कारण देवळात वहिनीचे डोळे मिटलेले होते, माझे उघडे होते. पाकळी डावीकडची पडली होती. काका त्यावर कधी बोलले नाहीत, मीही कुणाला सांगितलेलं नाही. देवाने नाही म्हटलं होतं, बाबा, आणि तरीही मी कोर्टात गेले.