टोपलीतून आलेली भाची

वॅलेटा,
१२ फेब्रुवारी १९८६

प्रिय वेंझू,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे तेवढे नखरे करतात. परवा संत पॉलची मिरवणूक गल्लीच्या टोकावरून गेली. तेव्हा उधळलेले कागदाचे कपटे अजून बाल्कनीच्या फटींतून निघताहेत.

तुझी लेक कशी पोचली ते ऐक. शनिवारी सकाळी नेहमीप्रमाणे पावासाठी दोरीने टोपली खाली सोडली. वर ओढली तर पावावर आईचा फोटो! वाकून पाहिलं, तर एक पोरगी मान वर करून ओरडतेय, "आत्या!" मी खुळ्यासारखी टोपलीच पुन्हा खाली सोडली. पाववाला कार्मनू म्हणाला, "अगं मेना, भाचीला काय टोपलीत घालून वर घेणारेस? दार उघड की!" सगळी गल्ली हसली.

मारियाना गुणी आहे. आईचं नाव ठेवलंस, बरं केलंस. पावावर टोमॅटो चोळून, तेल घालून दिलं, तर चार तुकडे खाल्ले. तटावर नेऊन तिला तुझं जहाज सुटलं तो धक्का दाखवला. तिथे तिने विचारलं, "आजीने बाबांना शेवटपर्यंत माफ केलं नाही ना?" मी म्हटलं, वारा फार आहे, चल घरी.

वेंझू, तू ऑस्ट्रेलियाला निघालास तेव्हा आई म्हणाली होती, या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस. पुढे 'घरी येऊ का' असं विचारणारं तुझं पत्र आलं, ते ती जाण्याच्या महिनाभर आधी. तिला वाचता यायचं नाही, मीच वाचून दाखवलं. ती अंथरुणात उठून बसली. "आजच लिही. ये म्हणावं त्याला."

मी लिहिलं नाही. पाच वर्षं तिचं सगळं मी करत होते, आणि चेहरा उजळला तो तुझ्या नावाने. मला ते सहन झालं नाही. ती रोज विचारायची, मी रोज सांगायचे, टाकलं पत्र. जिन्यावर पाऊल वाजलं की तिचे डोळे दाराकडे जायचे. तशीच गेली. आईने तोंड फिरवलं असं तू समजलास, आणि मी एकोणीस वर्षं तुला तसंच समजू दिलं.

हे पत्र मारियानाच्या हाती देतेय. पोस्टात टाकायचं म्हटलं तर माझा मलाच भरवसा नाही.

माफी मागायला तोंड नाही. आईचा निरोप तेवढा पोचवते: घरी ये.

बहीण लिहायला हात धजत नाही,
मेना