मंगळवारचा शिक्का

धाकटीच्या आईला,

आधी खुशाली. मी बरा आहे, ट्रक बरा आहे, कापडाचे तागे कोरडे आहेत. सोमवारपासून सीमेच्या अलीकडे रांगेत उभा आहे, आज चौथा दिवस. जेवण वेळेवर मिळतं. धाकटीचा ताप उतरला का? आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंस का?

नव्या नियमाने पासपोर्ट आधी तपासायला द्यावा लागतो. एजंट सगळ्यांचे गोळा करतो, रबर लावतो आणि गठ्ठा आत नेतो. सगळे देतात म्हणून मीही सोमवारी दिला. तू म्हणशील, भाजीवालीचा काटा तीनदा बघणारा माणूस हा!

आज तो परत मिळाला. आत दोन शिक्के आहेत. मंगळवारी मी पलीकडे गेलो आणि बुधवारी परत आलो म्हणे! मंगळवारी तर मी इथे टायर बदलत होतो.

एजंट हसून म्हणाला, "अहो, घाईत पडतो एखादा चुकून."

एखादा पडेल, पण जायचा आणि यायचा असे दोन्ही? माझ्या नावावर कोण जाऊन आलं, काय घेऊन आलं? सकाळपासून तो मला फुकट चहा पाजतोय, तेच जास्त खटकतंय.

तू काळजी करू नकोस. फक्त एक कर. मंगळवारी इथल्या पोस्टात सही करून तुला रजिस्टर पत्र पाठवलंय. ते आलं की पाकीट कुलपात ठेव. धाकटीला तिकिटं जमवायचा नाद आहे, पण या पाकिटाला तिला कात्री लावू देऊ नकोस. मी इथे होतो, हे सांगणारा तेवढाच एक शिक्का आहे.

कुठेही न गेलेला,
तुझाच