खंडीभर चुकांबाबत

मी, तराजू-काटे दुरुस्त करणारा, वय चौपन्न वर्षे पाच महिने, डोके ठिकाणावर आणि हात स्थिर असताना, कुणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था स्वतःच्या अक्षरात लिहितो. शाळा सातवीपर्यंत, पुढचे सगळे स्वतः शिकलो.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव पत्नीला. ती चौदा महिने तिच्या धाकट्या बहिणीकडे आहे. कारण कलम चारमध्ये.

२. दुकान, पितळी वजने, चिमटे आणि कानशी मुलीला. काम तिला येते. माझ्याइतके नाही.

३. भावाला माझा शब्दकोश. "दादा, असले शब्द खंडीभर पडलेत, एकाच्याच मागे काय लागतोस?" असे तो चारचौघांत म्हणाला होता. खंडी म्हणजे वीस मण, ना कमी ना जास्त. एवढा धान्याचा ढीग पाहून कुणीतरी मोजणे सोडले असेल आणि मग न मोजलेल्या सगळ्यालाच लोक खंडीभर म्हणू लागले, असा माझा तर्क आहे. कोशात तो नाही. कोशात राहून गेला असावा.

४. पत्नी म्हणाली, "तुमच्या खंडीभर चुका मी पोटात घातल्या." मी म्हणालो, "नेमक्या किती? लिहून दे." तिने भाजी निवडणे थांबवून लिहून दिल्या. एकतीस. मी लाल पेनाने तपासल्या, तीन दोनदा आल्या होत्या त्या खोडल्या आणि खाली 'एकूण अठ्ठावीस' लिहून सही केली. ती त्याच दुपारी गेली.

यादी मी रोज पाहतो. 'आई दवाखान्यात असताना आला नाहीत' हे दोनदा होते, कारण तिची आई दोनदा दवाखान्यात होती. बाकीच्या दोहोंचेही तसेच. शिवाय तिने न लिहिलेल्या मला आठवू लागल्या. एकशे बारापर्यंत मोजल्या, पुढे सोडून दिले. शब्द तिने बरोबर वापरला होता, हे इथे लेखी देतो.

५. साक्षीला बोलावलेला शेजारचा चष्मेवाला हे वाचून म्हणाला, "मास्तर, वहिनी हे तुम्ही गेल्यावर वाचणार?"

मी म्हणालो, "मृत्युपत्राची पद्धतच तशी आहे."

"मग माझी सही मिळणार नाही. आधी त्यांना दाखवून या."

साक्षीदाराला अटी घालता येत नाहीत, हे त्याला सांगितले. त्याने पेनाचे टोपण लावले.

साक्षीदार पहिला: चष्मेवाला (सही बाकी)
साक्षीदार दुसरी: समोरची शिंपीणबाई (सही केली, म्हणाली, "शर्ट तरी बदलून जा.")

ठिकाण: मेहुणीच्या घराचा जिना, दुसरा मजला
दिनांक: १९ मार्च, मंगळवार, संध्याकाळी पाच चाळीस, बेल वाजवण्यापूर्वी