हलकं मशीन आणि मिठाचा डबा

आई, नंदाखाल गावातल्या हॉलमधली पाचही जुनी मशीनं आज चालली, आणि हे आधी तुलाच सांगायचं होतं. बाबांना सांगितलं असतं तर पेपरामागून "बरं" आलं असतं. मी कॉलेज अर्ध्यावर सोडल्यापासून त्यांचं माझ्याशी बोलणं "बरं" आणि "जेवलास का" एवढ्यावर आलंय. तुला यातलं काहीच माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी शाळेत होतो आणि आपल्या घरात पडदा असलेली वस्तू म्हणजे फक्त टीव्ही. थोडक्यात सांगतो: इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी एका सरांशी कडाक्याचं भांडलो, जर्नल टेबलावर आपटलं आणि विरारला घरी आलो, तो परत गेलोच नाही. डोकं अजून तसंच तापतं माझं. तुझ्याकडूनच आलंय ते, नाकारू नकोस.

तर चर्चशेजारच्या त्या हॉलमध्ये मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातले जुने कॉम्प्युटर आले होते. गावातल्या बायकांना आणि पोरांना त्यांवर शिकवते ती एक मुलगी आहे. तिच्याबद्दल सावकाश सांगणार होतो, पण नाही जमत. आई, ती हसते तेव्हा मला पुढचं वाक्य सुचत नाही. मशीनं मात्र इतकी थकलेली की बटण दाबून बाहेर चहा पिऊन यावं, तरी पडद्यावर वाळूचं घड्याळच. फादर म्हणाले, "नाताळच्या सणापर्यंत चालली तर ठीक. नाहीतर भंगारात देऊ आणि इथे कॅरम लावू." क्लास बंद झाला की ती अंधेरीला नोकरी धरणार, हे तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी करतो."

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मशीनचा संसार समज. कुठली वस्तू कुठे राहील, कोणाला कधी किती मिळेल, ते ती ठरवते. मी त्या मशीनांवर लिनक्स टाकलं, कारण त्यातलं आपल्याला हवं तेवढंच ठेवता येतं. आणि मग काढत सुटलो. चित्रं काढली, मेनू काढले, खालची पट्टी काढली. मराठी अक्षरं नीट जोडून दाखवायला जुन्या मशीनला दम लागतो, म्हणून तीही सोय काढली. शेवटी उरला काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. मशीन असं भर्रकन उठायचं की मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या मावशी आल्या. मंडळाच्या सूचना त्याच लिहितात. त्यांनी पडद्याकडे बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. "बंद पडला ना हा?" असं म्हणून त्यांनी सरळ भिंतीवरचं बटण खाली केलं. मी ओरडलो, "मावशी, चालू होता तो!" त्या म्हणाल्या, "चालू असा दिसतो होय, पोरा? आमच्या वाडीतली विहीर बरी, वाकून बघितलं तर पाणी तरी दिसतं." पोरं खिदळली. मी म्हणालो, शिकायला नको का थोडं, कमांड टाइप करायची असते. तेव्हा ती मुलगी उठली. "ए अर्ध्या इंजिनिअर, मशीन कोणासाठी हलकं केलंस? तुझ्यासाठी ना? मग घरी घेऊन जा." माझं टाळकं सटकलं. दार आपटून निघालो आणि सायकल मारत थेट घर गाठलं.

घरी चहा ठेवला. हात डावीकडे गेला, चहाचा डबा होता तिथेच, तू ठेवायचीस तिथे. आणि मला तो गणपतीआधीचा दिवस दिसायला लागला. तू मामाकडे गेली आहेस. तू परत येऊन खूश व्हावीस म्हणून मी ओटा मोकळा करतोय. मिठाचा डबा, मिसळणाचा डबा, चिमटा, गाळणी, पुरणयंत्र, सगळं वरच्या फळीवर. ओटा असा लखलखीत की त्यात तोंड बघावं. तू येतेस, आमटीसाठी तेल तापवतेस, मोहरीसाठी हात नेतेस आणि तिथे काहीच नाही. तू स्टूल शोधतेस तोवर तेलाचा धूर घरभर. मी शाबासकीची वाट बघत उभा, आणि तू म्हणतेस, "ओटा मोकळा केलास रे, पण मला माझ्याच घरात पाहुणी केलीस." तेव्हा मी रडलो होतो. पण त्यानंतर तू काय केलंस, ते मला चहा ठेवताना आठवलं. तू सगळं खाली आणलं नाहीस. मीठ, मिसळण, चिमटा, गाळणी आणलीस, आणि पुरणयंत्राकडे बघून म्हणालीस, "हे मात्र बरं केलंस. हे राहू दे वरच."

चहा तसाच टाकून परत गेलो. नंतर दुपारच्या दुपार मावशींच्या मागे स्टुलावर बसून त्यांचा हात कुठे जातो तेवढं बघत राहिलो. हात आधी खालच्या डाव्या कोपऱ्यात जायचा, म्हणून तिथे पट्टी परत आणली. पट्टीवर मोजकीच बटणं: लिहा, छापा, चित्र काढा, बंद करा. मराठी परत आणली, पूर्ण जोडाक्षरांसकट, आणि तिचा भार सोसायला खिडक्यांच्या सावल्या, नाचणारी चित्रं, कोणी कधी न मागितलेले दहा प्रोग्राम फळीवर टाकले. मावशींची भिंतीवरच्या बटणाची सवय काही सुटेना, आणि आपल्याकडे लाईटही रोज जाते. म्हणून लिहिलेलं आपलं आपण साठत राहील अशी सोय केली. त्यानेही मशीन जरासं जड झालं. होऊ दे म्हटलं.

आणि आज! फादर हाताची घडी घालून मागे उभे. मावशींनी बटण दाबलं. त्या पिशवी खाली ठेवून पदर सावरेपर्यंत पडदा तयार. बोट न अडखळता 'लिहा'वर. अर्धी सूचना झाली आणि लाईट गेली. सगळ्या हॉलने "अरेरे" केलं. मावशी म्हणाल्या, "गेलं माझं सगळं." लाईट आली, मशीन पुन्हा उठलं, आणि त्यांची अर्धी सूचना पडद्यावर जशीच्या तशी! "आहे गं बाय, आहे!" मावशी त्या मुलीच्या दंडाला धरून ओरडल्या. कागद छापून निघाला तो त्यांनी फादरांच्या हातात असा दिला जणू लग्नाची पत्रिका. फादरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "कॅरम व्हरांड्यात लावू." क्लास राहिला, आई! ती राहिली! ती माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाली, "इंजिनिअर, जमलं की." 'अर्ध्या' नाही म्हणाली. ऐकलंस ना?

हे मी तिच्याच मशीनवर बसून लिहितोय. छापणार नाही, कुठे पाठवणारही नाही. पत्ता असता तर छापलं असतं. फक्त एक गोष्ट राहिली. बाकी चार मशीनांवर मी साधा निळा रंग ठेवलाय. या एकावर तिच्या वाडीतल्या विहिरीचा फोटो आहे. तिनेच एकदा कौतुकाने दाखवला होता, मी स्कॅन करून लावला. लहान करून लावला असता तर भार पडला नसता, पण मग काठावरची जास्वंद पुसट दिसली असती. संध्याकाळी तिने विचारलं, "माझंच मशीन जरा उशिरा का उघडतं रे?" मी म्हणालो, "डिस्क जुनी आहे त्याची."

आई, डिस्क जुनी नाही.