वरचा प्लग आधी

बाबा, तुमच्या लाडक्या लेकीचा काल व्हिडिओ कॉल आला होता. खारी गावातल्या आपल्या गॅरेजच्या गाळ्यात ती त्याच जुन्या मोतिया रंगाच्या गाडीखाली आडवी झालेली, कपाळाला ग्रीस, आणि बाहेर खुर्ची टाकून गाडीचे मालक, सिल्व्हर पार्कचे डॉक्टर. तुम्ही होतात तोवर त्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. डॉक्टरांनी तिचा फोन हातात घेतला आणि मला म्हणाले, "बेटा, तेरे पप्पा का हाथ उतरा है इसमें. बिलकुल वही हाथ." मी हसलो. दुसरं काय करणार? इथे शारजात मीही दिवसभर गाड्यांचं तेलच बदलतो. मशीन नळी घालून ओढून घेतं, मी बटण दाबतो. माझ्या हाताबद्दल कुणी काही बोलत नाही.

त्या गाडीच्या गियरबॉक्सचं आणि मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं तेल बदलायचं असलं की तुमची स्वारी सकाळपासून खुशीत. थंड तेल काकवीसारखं चिकटून बसतं, पूर्ण उतरत नाही, म्हणून आधी तुम्ही गाडी तारोडी गावापर्यंत फिरवून तापवून आणायचात. पुढच्या सीटवर ती. मी गाळ्यात ट्रे मांडत. परत येता तेव्हा तिची जीभ बर्फाच्या गोळ्याने लाल असते आणि माझ्यासाठी वितळलेल्या गोळ्याची नुसती काडी. मग जुनं तेल उतरतं, नवं भरून होतं आणि तुमची हाक येते, "बाय, ये गो, बोट घाल." वरच्या प्लगच्या भोकात ती करंगळी घालते. पहिल्या पेराला तेल लागलं की भरलं. "लागलं, बाबा!" "बघा, मापाचं बोट आहे माझ्या बायचं!" मी एकदा माझं बोट पुढे केलं तर म्हणालात, "तू आधी नखं काप." सगळे हसले. मी नखं कापली, बाबा. पुढच्या वेळी तुम्ही बघितलंही नाहीत.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. आठवीतच शाळा सोडलेला मी, सतरा वर्षांचा. तारोडीहून आल्यावर तुम्ही दोघं समोर चहाला गेलात आणि मी गाडीखाली घुसलो. म्हटलं, हे दोघं यायच्या आत काम करून दाखवू. डिफरन्शियलचा खालचा प्लग सोडला, काळं तेल धो धो ट्रेमध्ये आलं. मग वरच्या प्लगला पाना लावला, तर तो हलेचना. नवं तेल भरायचं भोक तेच, आणि ते बंद. तुम्ही परत आलात, वाकून बघितलंत आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलात. "वरचा आधी, गाढवा! वरचा उघडला तरच खालचा सोडायचा! आता भरणार कुठून, तुझ्या तोंडातून?" ती फिदीफिदी हसत होती. तुम्ही तिला घरी पिटाळलंत आणि माझ्याशेजारी गाडीखाली सरकलात. माझ्या मुठीवर तुमची मूठ ठेवलीत. विडीचा वास येत होता. "सोडायचा असला तरी आधी केसभर आवळायचा. मग हातोडीची एक टिचकी. आणि मग सोडायचा." कर्र झालं आणि प्लग फिरला. "कुणाला बोलू नको. धंद्याची गोष्ट आहे." पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

चार वर्षं मी गाळा रेटला. मग एका जागी बसवेना, चावी तिच्या हातात दिली आणि इकडे निघून आलो. मीच दिली, हे खरं. तरी कुणी "तिचा गाळा" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तर काल डॉक्टरांनी फोन परत दिल्यावर ती म्हणाली, "दादा, वरचा प्लग हलतच नाहीये रे. बाबा काय करायचे?" तिला ठाऊक नव्हतं! मला इतका आनंद झाला बाबा, की कॅमेऱ्यात दिसेल म्हणून मी तोंड फिरवलं. म्हटलं, "मला काय विचारतेस? तुलाच शिकवलंय ना सगळं." "ए, टोमणे नको मारू हां. परवा डॉक्टरकाकांच्या नातीची वरात आहे ह्याच गाडीतून. उद्या छिन्नी लावून बघते." छिन्नीने प्लगची वाट लागणार, भोकाचे आटे जाणार, आणि ही गाडी पुन्हा आपल्या गाळ्यात येणार नाही, हे मला कळत होतं. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

आज जेवणाच्या सुट्टीत हे लिहायला बसलो. प्लग फिरला तिथपर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. फोन काढून तिला बोलून मेसेज पाठवला. आधी केसभर आवळ, एक टिचकी, मग सोड. छिन्नीला हात लावू नको. मग बाकीचं लिहीत बसलो. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं, "उघडला रे दादा! वरचा आधी, मगच खालचा सोडला हां, तुझ्यासारखं नाही." मागोमाग फोटो, तेल लागलेल्या करंगळीचा. नखं वाढवलीत तिने, नेलपॉलिशसकट.

खाली तिने विचारलंय, "हे तिकडे शिकलास का? भारी आहेस."

मी "हो" म्हटलंय, बाबा. तुमचं नाव घेतलं नाही.