डोक्यावरचा हात

ती. आईस, दुरूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

सुखरूप पोचलो. गोळ्या वेळेवर घेतोय. तुझा गुडघा कसा आहे? ताई तेल चोळून देते ना?

शाळेतल्या सभेचं तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी विषय बदलला. आता लिहितो. त्या मेलेल्या फादरनं वसतिगृहात आम्हा पोरांच्या अंगाशी जे चाळे केले, त्याची शाळा माफी मागणार म्हणून आम्हाला बोलावलं होतं. नवे फादर म्हणाले, "जे घडलं ते दुर्दैवी होतं." घडलं म्हणे! जसं काही छप्पर गळलं! मागून एक पालक कुरकुरले, "किती उगाळायचं? शाळेचं नाव खराब होतं."

शेवटी आशीर्वाद द्यायला आम्हाला रांगेत उभं केलं. पन्नाशीचे बाप्ये, टकलं पडलेली, आणि सगळ्यांनी मुकाट माना खाली घातल्या. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत फादर माझ्यापर्यंत आले. मी त्यांचं मनगट धरून हात खाली केला. म्हणालो, "त्याचीही सुरुवात इथूनच व्हायची." सभा तिथेच आटोपली.

तू सगळ्यांना सांगायचीस, "फादरांचा हात आहे पोराच्या डोक्यावर, मला घोर नाही." तुझ्यावर राग नाही, आई. तुला काय माहीत! पण सुट्टीत घरी आलो की तू कुरवाळायला हात पुढे करायचीस आणि मी डोकं काढून घ्यायचो. "शिकून शिष्ट झालाय," म्हणायचीस.

शिष्ट नव्हतो झालो गं.

तुझा,
धाकटा